रस्टमधून वेबव्ह्यू२ : क्लायंट सर्टिफिकेट निवडताना ‘काहीच निवडलं नाही’ हे बाइंडिंगने कसं सांगावं?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

एका डेस्कटॉप ॲपवर काम करते आहे. ॲप रस्ट या भाषेत आहे, आत वेबव्ह्यू२ (ॲपमध्ये वेबपानं दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा घटक) बसवलाय आणि त्यात उघडणारी साइट म्युच्युअल टीएलएसची आहे. म्हणजे सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो आणि समोरच्याचंही मागतो. वेबव्ह्यू२ ची स्वतःची निवड-खिडकी आहेच, पण वापरणाऱ्यांकडे तीन-तीन, चार-चार सर्टिफिकेटं असतात. नावं सारखी, एखाद्याची मुदत संपत आलेली. म्हणून यादी आमच्या पद्धतीने दाखवायची ठरलं, आणि त्यासाठी रस्ट व वेबव्ह्यू२ यांना जोडणारा कोड, म्हणजे बाइंडिंग, लिहिते आहे. बरंचसं झालंय, एका जागी घोडं अडलंय. ते शेवटी सांगते. आधी वाटेत काय काय लागलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणी याच वाटेने आलं तर त्याचा वेळ वाचेल.

हवा असलेला इव्हेंट म्हणजे क्लायंटसर्टिफिकेटरिक्वेस्टेड. तो मूळ आयकोअरवेबव्ह्यू२ वर नाही, आयकोअरवेबव्ह्यू२_५ वर आहे. त्यामुळे आधी कास्ट करून पाचवा इंटरफेस मागायचा. मशीनवरचा रनटाइम जुना असला तर ‘हा इंटरफेस नाही’ असं सांगणारा ई_नोइंटरफेस मिळतो. तिथे अनरॅप करून ॲप पाडू नका. तो इंटरफेस नसला तरी साइट उघडते, फक्त निवड वेबव्ह्यू२ च्या खिडकीत होते.

इव्हेंटसोबत होस्ट मिळतो, पोर्ट मिळतो, मागणी प्रॉक्सीची आहे का हे कळतं, सर्व्हरला चालणाऱ्या सीएंची (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची) नावं मिळतात आणि दोन्ही बाजूंना चालतील अशा सर्टिफिकेटांची यादी मिळते. आपलं उत्तर मात्र एका हाकेत द्यायची सोय नाही. तीन प्रॉपर्टी आहेत: हँडल्ड, कॅन्सल आणि सिलेक्टेडसर्टिफिकेट. त्यांच्या जोडण्यांमधून चार अर्थ निघतात. हँडल्ड खरं आणि सर्टिफिकेट ठेवलेलं असेल तर ते सर्व्हरला जातं. हँडल्ड खरं पण सर्टिफिकेट नल असेल तर जोडणी विनासर्टिफिकेट पुढे जाते. हँडल्ड खोटं ठेवलं तर डीफॉल्ट खिडकी उघडते. आणि कॅन्सल खरं केलं की बाकी दोन्हींत काहीही असो, मागणी रद्द.

माझ्या मते सुरक्षित बाइंडिंगचं अर्ध काम इथेच आहे. हे तीन सुटे खटके तसेच्या तसे रस्टमध्ये आणले तर कुणीतरी सर्टिफिकेट ठेवेल आणि हँडल्ड विसरेल. मग डीफॉल्ट खिडकी उघडेल आणि तो दिवसभर शोधत बसेल. म्हणून मी चार पर्यायांचा एक एनम केला: दे, विनासर्टिफिकेट, डीफॉल्टखिडकी, रद्द. मागणीचं स्ट्रक्ट आर्ग्युमेंट आणि डेफरल दोन्ही स्वतःजवळ ठेवतं. उत्तर देणारी मेथड सेल्फ मालकीनेच घेते. उत्तर दिलं की मागणी संपली, दुसऱ्यांदा उत्तर देऊ गेलात तर कंपायलरच अडवतो.

आता माझी एक चूक. सुरुवातीला वाटलं, एवढ्याशा इंटरफेसला क्रेट (रस्टची तयार लायब्ररी) कशाला, व्हीटेबल (इंटरफेसच्या फंक्शनांचा तक्ता) हाताने लिहू. पोर्टसाठी मी सवयीने यू१६ लिहिलं. रस्टमध्ये पोर्ट म्हटलं की हात आपोआप यू१६ कडे जातो. पण इथे तो ३२ बिटांचा पूर्णांक आहे. मी दोन बाइटांची जागा दिली, समोरून चार लिहिले गेले. डीबग बिल्डमध्ये सगळं ठीक, रिलीजमध्ये शेजारचा व्हेरिएबल कधी शून्य व्हायचा, कधी नाही. त्यात गेलेले दोन दिवस अजून आठवतात. इज्प्रॉक्सीचंही तसंच: कॉमचा (विंडोजच्या ज्या पद्धतीवर हे इंटरफेस बेतलेत तिचा) बूल चार बाइटांचा, रस्टचा एका बाइटाचा. त्यानंतर हाताने लिहिलेलं सगळं काढलं आणि वेबव्ह्यू२-कॉम क्रेटवर आले. तिथे हे प्रकार मेटाडेटातूनच तयार होतात.

आता अडलेली जागा. माणसाने आमची खिडकी फुलीवर बंद केली, काहीच निवडलं नाही, तर मागणीचं स्ट्रक्ट उत्तराविना ड्रॉप होतं, म्हणजे रस्ट ते नष्ट करतं आणि त्याआधी त्याची ड्रॉप मेथड चालवतं. डेफरल तर पूर्ण करायलाच हवं, नाहीतर पान फिरत राहील. मी ड्रॉपमध्ये ‘विनासर्टिफिकेट’ ठेवलं. सर्टिफिकेटमध्ये माणसाचं नाव असतं, कधी ईमेल असतो. काहीच न पाठवणं हेच सगळ्यांत सुरक्षित, असा विचार होता.

आणि तक्रार आली: एकदा चुकून फुली दाबली की साइट ४०३ (प्रवेश नाकारला) देते आणि पुन्हा खिडकी येतच नाही. पान रीफ्रेश करा, दुसरीकडे जाऊन परत या, काहीही करा. पूर्ण ॲप बंद करून उघडलं तरच पुन्हा विचारतं. इव्हेंट हँडलरमध्ये लॉग टाकला, तर दुसऱ्यांदा हँडलर बोलावलाच जात नाही. माझ्या मशीनवर ओपनएसएसएलच्या चाचणी सर्व्हरवर मात्र प्रत्येक वेळी विचारतं. हे काय असेल?

नवी_पाटी

ताई, मी रस्ट नुकतंच शिकतोय, म्हणून प्रश्न अगदी प्राथमिक वाटेल. डेफरल म्हणजे नेमकं काय? आणि हँडलरमध्येच आपली खिडकी उघडून उत्तर येईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं?

कळफलक

नवी_पाटी, प्रश्न योग्य आहे, बहुतेक जण पहिल्यांदा तेच करतात.

वेबव्ह्यू२ चे सगळे इव्हेंट यूआय थ्रेडवर येतात. तो थ्रेड मेसेज लूप फिरवत असतो. हँडलरमध्ये थांबलात तर लूपही थांबला, मग तुमच्या खिडकीचं बटण दाबलेलंच कुणाला कळणार नाही. हँडलरच्या आत दुसरा मेसेज लूप चालवून मार्ग काढायला गेलात, तर वेबव्ह्यू२ त्या अवस्थेत नवे इव्हेंट नीट देत नाही आणि गुंता होतो. डेफरल म्हणजे ‘उत्तर देणार आहे, पण आत्ता नाही’ असं सांगणारी वस्तू. गेटडेफरलने ती घ्यायची, हँडलरमधून परत यायचं, माणसाने निवडलं की प्रॉपर्टी भरायच्या आणि डेफरलवर कम्प्लीट म्हणायचं. तोवर ती मागणी थांबून राहते, यूआय चालू राहतो.

एक गोष्ट रस्ट आपोआप सांभाळतं. विंडोज क्रेटमधले हे इंटरफेस सेंड नाहीत, त्यामुळे आर्ग्युमेंट दुसऱ्या थ्रेडवर न्यायचा प्रयत्न केलात तर कोड कंपाइलच होत नाही. सी++ मध्ये हीच चूक बिनबोभाट कंपाइल होते. कुणी ‘अनसेफ इम्प्ल सेंड’ लिहून कंपायलरला गप्प करू नये. त्यापेक्षा यादीतली नावं, मुदती, अनुक्रमांक यांच्या साध्या स्ट्रिंग काढून त्या दुसऱ्या थ्रेडला द्या, निवड परत यूआय थ्रेडवर आणा.

उंबरठा, तुमच्या मूळ प्रश्नावर संध्याकाळी लिहितो. मला शंका आहे, पण आधी तपासून पाहतो. तोवर एवढं सांगा, चाचणीचा सर्व्हर कोणता पर्याय देऊन चालवलात?

उंबरठा

ओपनएसएसएलचा एस_सर्व्हर, व्हेरिफाय हा पर्याय मोठ्या व्हीने, खोली १. शिवाय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू पर्याय, म्हणजे ब्राउझरला एक पान तरी मिळतं.

कळफलक

मग इथेच आहे. तुमची चाचणी आणि खरा सर्व्हर दोन वेगळ्या गोष्टी करताहेत.

एस_सर्व्हरमध्ये लहान व्हीचा व्हेरिफाय सर्टिफिकेट मागतो, पण नाही दिलं तरी चालवून घेतो. मोठ्या व्हीचा व्हेरिफाय सर्टिफिकेट नसेल तर हँडशेकच तोडतो. टीएलएस १.३ मध्ये त्यासाठी वेगळा अलर्टही आहे, सर्टिफिकेट रिक्वायर्ड, क्रमांक ११६. तुमचा खरा सर्व्हर ४०३ देतोय. म्हणजे हँडशेक यशस्वी झाला, जोडणी झाली, आणि नकार वरच्या एचटीटीपीच्या पातळीवर आला. तो लहान व्हीसारखा आहे.

आता क्रोमियमच्या आत काय होतं ते बघा. वेबव्ह्यू२ च्या पोटात क्रोमियमचाच नेटवर्क स्टॅक आहे. त्यात क्लायंट सर्टिफिकेटच्या निवडीची एक मेमरीतली कॅश असते, होस्ट आणि पोर्टच्या जोडीवर. एकदा निवड झाली की त्या होस्ट-पोर्टला पुन्हा विचारलं जात नाही. महत्त्वाचं म्हणजे ‘सर्टिफिकेट देऊ नका’ ही निवडसुद्धा या कॅशमध्ये जाते. कॅशमधल्या शोधाला तीन उत्तरं असतात: नोंदच नाही, नोंद आहे आणि सर्टिफिकेट हे, नोंद आहे आणि सर्टिफिकेट नल. रस्टच्या भाषेत सांगायचं तर ऑप्शनच्या आत ऑप्शन.

तुमचा ड्रॉप नेमकी ती तिसरी नोंद करून ठेवतो. वापरणाऱ्याने ठरवून ‘नको’ म्हटलेलं नाही, त्याने फक्त फुली दाबली. पण क्रोमियमला तो पक्का निर्णय वाटतो आणि ब्राउझर प्रोसेस जिवंत असेपर्यंत तो पाळला जातो.

मोठ्या व्हीच्या सर्व्हरवर हे का दिसलं नाही? कारण सर्टिफिकेटमुळे हँडशेक फसला की क्रोमियम त्या होस्टची नोंद स्वतःच पुसतो, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा विचारतो. लहान व्हीवर चालवून बघा, तक्रार तुमच्या मशीनवरही दिसेल.

उंबरठा

दिसली. एक अक्षर लहान केलं आणि पहिल्याच फुलीनंतर खिडकी येणं बंद. खूप खूप आभार. इतके दिवस मी इव्हेंटच्या रजिस्ट्रेशनमध्ये चूक शोधत होते, टोकन तपासत होते, क्लोजर लवकर ड्रॉप होतंय का बघत होते.

आता ड्रॉपमध्ये काय ठेवू? माझ्यापुढे दोन पर्याय आहेत, रद्द किंवा डीफॉल्टखिडकी.

साखळी_दोर

माझं मत डीफॉल्टखिडकीला. कारण सांगतो. ड्रॉप फक्त फुलीनेच होत नाही. तुमच्या यादीच्या कोडमध्ये पॅनिक झाला (चुकीमुळे कोड मधेच कोसळला), एखादी स्ट्रिंग वाचताना चूक परत आली, प्रश्नचिन्हाने फंक्शन मधूनच बाहेर पडलं, तरी मागणी ड्रॉप होते. अशा वेळी चूक आपली आहे, वापरणाऱ्याची नाही. डीफॉल्ट खिडकी उघडली तर त्याचं काम तरी होतं. रद्द केलं तर आपल्या चुकीचा भुर्दंड त्याला.

रिकामी_ओळ

मी सुरक्षेच्या बाजूने बोलते. साखळी_दोर यांचा मुद्दा माणुसकीचा आहे, पण मला पटत नाही.

माणसाने फुली दाबली, म्हणजे त्याला आत्ता कुठलंच सर्टिफिकेट द्यायचं नाही. त्यावर लगेच दुसरी, वेगळ्याच रूपाची खिडकी उघडली तर तो गोंधळेल आणि ती घालवायची म्हणून समोर असलेलं ठीक दाबून मोकळा होईल. लोक असंच करतात. आणि त्या एका दाबाने त्याची ओळख सर्व्हरकडे जाते. टीएलएस १.२ मध्ये तर क्लायंटचं सर्टिफिकेट उघड्यावरच जातं, वाटेत ऐकणाऱ्यालाही नाव दिसतं. १.३ मध्ये, म्हणजे २०१८ च्या आरएफसी ८४४६ पासून, ते एन्क्रिप्ट होऊन जातं. पण सर्व्हरला तरी दिसतंच. ओळख एकदा दिली की परत घेता येत नाही. रद्द झालेली मागणी मात्र पान रीफ्रेश केलं की पुन्हा येते.

त्यामुळे निर्णय चुकायचाच असेल तर ज्या बाजूला परत फिरता येतं त्या बाजूला चुकू दे. रद्द.

आणि कळफलक यांनी सांगितलेल्या कॅशकडे पुन्हा बघा. रद्दमध्ये सर्टिफिकेटसह किंवा विनासर्टिफिकेट पुढे जाणं होतच नाही, म्हणून कॅशमध्ये नोंदही पडत नाही. चौघांपैकी मागे काहीही न ठेवणारा पर्याय हाच.

साखळी_दोर

नोंद पडत नाही हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. फुलीसाठी रद्द, मान्य. पॅनिकसाठी अजूनही मन मानत नाही.

कळफलक

पॅनिक आणि फुली वेगळे करा ना. फुली ही माणसाची कृती आहे, ती ड्रॉपवर सोडूच नये. खिडकी बंद झाल्याच्या इव्हेंटमध्ये स्पष्टपणे रद्द उत्तर द्या. ड्रॉप उरला फक्त चुकांसाठी.

पॅनिकचं म्हणाल तर तो कॉमच्या सीमेवरून बाहेर जाऊच देता येत नाही. रस्ट १.८१ पासून एक्स्टर्न सी किंवा एक्स्टर्न सिस्टिम फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडायला लागला की प्रोसेस थेट अबॉर्ट होते. त्याआधी ते अनडिफाइन्ड बिहेवियर होतं, म्हणजे त्याहून वाईट. म्हणून कॉलबॅकच्या सगळ्यांत बाहेरच्या थराला कॅच_अनवाइंड हवा. पॅनिक तिथे पकडला की त्या एकाच ठिकाणी लॉग करा आणि ई_फेल परत द्या. तोवर अनवाइंड होताना मागणी ड्रॉप झालेली असते आणि रद्दही झालेली असते.

नवी_पाटी

माझा अजून एक प्रश्न. आमच्याकडे सर्टिफिकेट पीएफएक्स फाइलमध्ये असतं, पासवर्डसकट. ती फाइल वाचून सिलेक्टेडसर्टिफिकेटमध्ये ठेवता येईल का?

उंबरठा

नाही येत. मीही आधी हेच शोधलं होतं. सर्टिफिकेटची वस्तू आपल्याला तयार करता येत नाही, इव्हेंटने दिलेल्या यादीतलीच एक परत द्यायची असते. ती यादी विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमधून येते. म्हणजे आधी पीएफएक्स त्या माणसाच्या स्टोअरमध्ये घालावा लागतो. चाचणीसाठी मी सर्टयुटिलच्या यूझर आणि इम्पोर्टपीएफएक्स पर्यायांनी घालते.

पण विचार केल्यावर मला हेच बरोबर वाटलं. प्रायव्हेट की आपल्या कोडपर्यंत येतच नाही. टू-पेम-एन्कोडिंग ही मेथड आहे, तिच्यातून फक्त सार्वजनिक भाग मिळतो. हँडशेकमध्ये सर्टिफिकेटव्हेरिफायसाठी सही करायची असते, ती स्टोअरच्या मागची यंत्रणा किंवा स्मार्टकार्डच करतं. आपण फक्त ‘हे’ म्हणून बोट दाखवायचं.

पानगळ

अँड्रॉइडवर याच्या बरोबर उलट आहे, ते इथे नोंदवतो, कारण बरेच जण एकच क्रेट सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालवतात.

तिथे वेबव्ह्यूक्लायंटवर ऑनरिसीव्ह्डक्लायंटसर्टरिक्वेस्ट येतं, एपीआय २१ पासून. मिळालेल्या क्लायंटसर्टरिक्वेस्टवर तीन हाका: प्रोसीड, इग्नोर, कॅन्सल. प्रोसीडला प्रायव्हेट की आणि सर्टिफिकेटांची साखळी आपणच द्यायची. यादी तयार मिळत नाही, कीचेनकडून आपण मागवायची. आणि ही मेथड ओव्हरराइड केलीच नाही तर डीफॉल्ट कॅन्सल आहे.

खरी अडचण नावांची. अँड्रॉइडवर कॅन्सल लक्षात ठेवलं जातं. त्या होस्ट-पोर्टसाठी पुन्हा विचारलं जात नाही, क्लिअरक्लायंटसर्टप्रेफरन्सेस बोलवेपर्यंत. लक्षात न राहणारं उत्तर तिथे इग्नोर आहे. म्हणजे उंबरठा, तुमच्या एनममधला ‘रद्द’ हा शब्द वेबव्ह्यू२ वर ‘आत्ता नाही, पुढे विचारा’ असा आहे आणि अँड्रॉइडवर त्याच नावाची हाक ‘नाही, आणि पुन्हा विचारू नका’ अशी आहे. नावावरून नावाला जोडलंत तर तुमची तक्रार तिकडे पुन्हा उगवेल.

उंबरठा

हे माझ्या हातून नक्की झालं असतं. नाव बदलते: ‘आत्तानको’. प्लॅटफॉर्मचा शब्द घ्यायचा नाही, परिणाम काय होतो त्यावरून नाव ठेवायचं.

पानगळ

आवडलं. लिनक्सवर वेबकिटजीटीके असेल तर तिथे वेगळा इव्हेंट नाही, ऑथेंटिकेट सिग्नलमध्येच क्लायंट सर्टिफिकेटची एक स्कीम आहे, २.३४ आवृत्तीपासून. मॅकवर ऑथेंटिकेशन चॅलेंजमधून येतं. त्या दोन्हीबद्दल सविस्तर वेगळा धागा काढेन, इथे फाटे फुटतील.

रिकामी_ओळ

सीईएफचं (ॲपमध्ये क्रोमियम बसवण्याच्या फ्रेमवर्कचं) बाइंडिंग लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देते. ऑनसिलेक्टक्लायंटसर्टिफिकेटमधून खोटं परत केलं तर अलॉय शैलीच्या ब्राउझरमध्ये यादीतलं पहिलं सर्टिफिकेट आपोआप निवडलं जातं. रस्टच्या ट्रेटमध्ये सगळ्या हँडलर मेथडना ‘फॉल्स परत दे’ अशी डीफॉल्ट अंमलबजावणी देण्याची पद्धत आहे. या एका मेथडच्या बाबतीत ती पद्धत घातक आहे, वापरणाऱ्याने काहीही न लिहिता ओळख बाहेर जाते. ही मेथड सक्तीची ठेवा. ट्रेट वापरणाऱ्याला चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, लिहू देत.

कळफलक

सहमत. आता उंबरठा यांच्या बाइंडिंगमधल्या काही बारीक गोष्टी, कोड बघितल्यावर सुचलेल्या.

व्हॅलिडफ्रॉम आणि व्हॅलिडटू डबल आहेत. कॉममध्ये डबल आणि तारीख एकत्र दिसली की जुना हात ओले डेट समजतो, म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस. इथे तसं नाही, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आहेत. ते दिवस समजून रूपांतर केलंत तर रूपांतर करणारं फंक्शनच नकार देतं, कारण ओले डेट ९९९९ सालापर्यंतच जाते. तुम्ही अनरॅप_ऑर_डीफॉल्ट लावलंय, म्हणून नकार दिसत नाही आणि सगळ्या मुदती कोऱ्या दिसतात.

काइंडसाठी तुम्ही रस्टचा एनम वापरलाय: स्मार्टकार्ड, पिन, इतर. तो सरळ ट्रान्सम्यूट करू नका. पुढच्या रनटाइमने चौथी किंमत आणली तर रस्टच्या एनममध्ये नसलेली किंमत असणं हेच अनडिफाइन्ड बिहेवियर. आय३२ भोवती न्यूटाइप ठेवा, जुळवाजुळव करताना ‘बाकी सगळं’ ही फांदी ठेवा.

होस्ट, सब्जेक्ट, इश्यूअर या स्ट्रिंग समोरून वाटप होऊन येतात, सोडायची जबाबदारी आपली, कोटास्कमेमफ्रीने. क्रेटमध्ये टेक_पीडब्ल्यूएसटीआर आहे, तो स्ट्रिंग बनवतो आणि मेमरीही सोडतो. तुमच्या इश्यूअरच्या वाचनात तो राहून गेलाय.

शेवटचं, क्लोजरमध्ये तुम्ही वेबव्ह्यूचा क्लोन पकडलाय. वेबव्ह्यू हँडलरला धरून, हँडलर क्लोजरला, क्लोजर पुन्हा वेबव्ह्यूला. हे वर्तुळ सुटणार नाही, मेमरी गळत राहील. सेंडर पॅरामीटरमधून तोच वेबव्ह्यू मिळतो, तो वापरा. रजिस्ट्रेशनचं टोकन एका गार्डमध्ये ठेवा आणि गार्ड ड्रॉप झाला की रिमूव्ह करा.

उंबरठा

मुदती कोऱ्या का दिसतात याची नोंद कधीपासून माझ्या वहीत पडून होती. नंतर बघू म्हणून ठेवली होती. सगळं दुरुस्त करते.

एक विचारायचं राहिलं. ‘हेच पुन्हा वापर’ अशी सोय लोकांना हवी आहे. मी यादीतला क्रमांक साठवत होते, तो काढून टाकला, कारण स्टोअरमध्ये एक सर्टिफिकेट वाढलं की क्रमांक सरकतो. आता काय साठवू?

रिकामी_ओळ

इश्यूअर आणि अनुक्रमांक, दोन्ही मिळून. एकाच सीएच्या दोन सर्टिफिकेटांचा अनुक्रमांक सारखा असू नये असा आरएफसी ५२८० चा नियम आहे, पण वेगवेगळ्या सीएंचे जुळू शकतात, म्हणून एकटा अनुक्रमांक पुरत नाही. डिस्प्लेनेम तर अजिबात नको. नूतनीकरण झालं की अनुक्रमांक बदलतो. तेव्हा न जुळल्यास आपणहून जवळचं शोधू नका, पुन्हा विचारा.

आणि होस्टची तुलना पूर्ण करा. तुमच्या कोडमध्ये एंड्स_विथ आहे. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ने संपणारं नाव म्हणून ‘खोटंएक्झाम्पल डॉट कॉम’सुद्धा पास होतं, आणि साठवलेलं सर्टिफिकेट न विचारता त्याला जातं. पूर्ण होस्ट, पोर्ट आणि इज्प्रॉक्सी, तिन्ही जुळले तरच. प्रॉक्सीने मागितलं तर होस्ट प्रॉक्सीचा असतो, साइटचा नाही.

साखळी_दोर

होस्टची ही तुलना बाइंडिंगमध्येच द्या, वापरणाऱ्यांवर सोडू नका. प्रत्येक जण स्वतःचं एंड्स_विथ लिहील.

उंबरठा

दिली. ‘ठिकाण’ नावाचं स्ट्रक्ट केलंय, तिन्ही गोष्टी आत, आणि बाहेर फक्त समानतेची तुलना. स्ट्रिंग बाहेर काढायची मेथड आहे, पण ती दाखवण्यापुरती.

आज सगळं एकत्र करून चालवलं. दोन सर्व्हर उभे केले, एक लहान व्हीचा, एक मोठ्या व्हीचा, आणि दोन्हींवर तेच प्रयोग केले. फुली दाबली: मागणी रद्द, रीफ्रेशवर खिडकी पुन्हा आली, दोन्हीकडे. यादीच्या कोडमध्ये मुद्दाम पॅनिक टाकला: लॉगमध्ये एक ओळ, ॲप चालू, रीफ्रेशवर खिडकी पुन्हा आली. ‘सर्टिफिकेटशिवाय पुढे जा’ हे आता खिडकीत वेगळं बटण आहे, आणि त्याखाली लिहिलंय की ॲप बंद करेपर्यंत या साइटसाठी पुन्हा विचारलं जाणार नाही. ते दाबल्यावर लहान व्हीच्या सर्व्हरवर खरंच पुन्हा विचारलं नाही, मोठ्यावर विचारलं. कळफलक यांनी सांगितलं होतं तसंच.

चाचण्या करताना प्रत्येक वेळी नवं यूझर डेटा फोल्डर देते आहे. एकाच फोल्डरवर दोन वेबव्ह्यू असले की ब्राउझर प्रोसेस एकच असते, मग आधीच्या चाचणीची निवड पुढच्या चाचणीत उतरते. पहिल्या दिवशी त्यानेही फसवलं होतं.

नवी_पाटी

ताई, तो ‘सर्टिफिकेटशिवाय’चा निर्णय ॲप बंद न करता विसरायला लावता येतो का?

उंबरठा

मी सध्या त्या साइटसाठी वेगळं यूझर डेटा फोल्डर ठेवते. वापरणाऱ्याने ‘पुन्हा विचारा’ दाबलं की त्या फोल्डरवरचे सगळे वेबव्ह्यू बंद करते, ब्राउझर प्रोसेस संपल्याचा इव्हेंट येईपर्यंत थांबते आणि मग नवा वेबव्ह्यू उघडते. दोन-तीन सेकंद कोरी खिडकी दिसते, तेवढं चालवून घेतलंय.